एका क्रमांकाचे दोन लगाम

१

शेवटचा खांब ओलांडला की केबिनने हळू व्हायचं, हा रोजचा शिरस्ता. त्या सकाळी ती हळू झाली, पण फार उशिरा. खालच्या स्टेशनाच्या नियंत्रण खोलीत बसलेल्या चालकाने काचेतून पाहिलं. पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते आणि समोरून केबिन अंगावर धावून येत होती. त्याने खुर्ची सोडली, भिंतीवरचा लाल दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला आणि तसाच लोंबकळून राहिला.

दांड्याने निम्मं काम केलं. केबिन रबरी ठोकळ्यांवर आदळली, ठोकळे फाटले, खोलीची लोखंडी चौकट आत दबली आणि चालकाची मांडी तिच्यात सापडली. केबिन खच्चून भरलेली होती. आत वरच्या वस्तीतली माणसं होती, भाजीच्या जाळ्या होत्या, कुणाचं तरी दुरुस्तीला निघालेलं शिवणयंत्र होतं. बऱ्याच जणांना मुका मार लागला, एका आजींचा दात पडला. पण जिवावर कुणाच्या बेतलं नाही.

रोपवे त्याच दुपारी बंद झाला. वरच्या वस्तीला दुसरा रस्ता नव्हता. दवाखान्यात यायचं तर पाऊलवाटेने डोलीतून.

रोपवे मंडळाच्या इंजिनिअरांनी ब्रेक तपासले. ब्रेक ठणठणीत होते. त्यांना हुकूमच उशिरा मिळाला होता. हुकूम देणारा होता 'लगाम'.

लगाम हे एका लायब्ररीचं नाव. पुस्तकांची नव्हे. संगणकाच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे एकच काम चोख करणारा तयार तुकडा. रोपवेचा मोठा प्रोग्राम मोटार चालवायचा, दारं उघडायचा, घंटा वाजवायचा. आणि ब्रेक कुठे, किती जोराने लावायचा हे विचारायचं झालं की लगामला हाक मारायचा. लगाम तयार व्हायचा एका शिंप्याच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत, 'रज्जू प्रणाली' नावाच्या घरगुती कंपनीत. कंपनी चालवायची ताई. धाकटा भाऊ प्रोग्राम लिहायचा आणि ताईचा नवरा, म्हणजे घरचे जावई, तो रोपवेवर नेऊन बसवायचे.

इंजिनिअरांनी रोपवेच्या संगणकातला लगाम काढला आणि कंपनीच्या कपाटातल्या प्रतीशेजारी ठेवला. दोघांची ओळखपट्टी सारखीच दिसत होती. आवृत्ती पाच-तीन, शिक्का त्याच घरचा. आतला माल मात्र वेगळा. कपाटातला लगाम ब्रेक वेळेवर लावत होता, संगणकातला उशिरा.

"आमचा संगणक तुमच्या सहीशिवाय लगाम आत घेतच नाही," रोपवेचे व्यवस्थापक ताईला म्हणाले. "सही करू शकणारं माणूस जगात एकच. तुम्ही. चुकीच्या लगामवर सही करून बसलात आणि अपघातानंतर कपाटात दुसरा ठेवलात, असंच दिसतंय हे."

"मी एकाच पाच-तीनवर सही केली," ताई म्हणाली. "ही दुसरी माझी नाही."

"मग कुणाची?"

मंडळाने ठरवलं, सोमवारच्या बैठकीत पोलिसांत तक्रार द्यायची. मंडळाच्या वकिलाने एवढंच म्हटलं, की प्रश्न सहीचा आहे, तर आधी भिंगबाईंना बोलवा.

२

भिंगबाईंनी उभं आयुष्य सह्या तपासण्यात घालवलं होतं. मृत्युपत्रं, धनादेश, गहाणखतं. कोर्टात त्या उभ्या राहिल्या की खोटी सही करणाऱ्याला घाम फुटायचा. कागद कमी झाले, सह्या संगणकात गेल्या, तशा बाईही संगणकात गेल्या. नाकावर एक चष्मा, डोक्यावर दुसरा, आणि बोलणं असं, की समोरचा ऐकतो आहे की नाही याची त्यांना कधी शंकाच नसायची.

त्या जिना चढून आल्या तेव्हा खालच्या शिलाई मशीनचा आवाज फरशीतून येत होता. पहिल्या खोलीत जिन्याकडे तोंड करून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं.

"या, या. मी आबा. या पोरांचा बाप आणि लगामचाही. पहिला लगाम मी लिहिला. हा रोपवे उभा राहिला तेव्हा पहिली केबिन खाली आणली ती माझ्या आकड्यांवर. आता निवृत्त आहे. इथे नुसता चहा प्यायला येतो."

"मग मलाही सांगा एक," भिंगबाई म्हणाल्या आणि आत ताईसमोर जाऊन बसल्या. "आता मला सगळं शाळेतल्या पोरीला सांगतात तसं सांगा. मला लाज वाटत नाही विचारायची."

ताईचे डोळे सुजलेले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. "लगाम तयार करताना आम्ही एक पान भरतो. त्यात नाव, कंपनी, हक्क कुणाचे, आवृत्ती कितवी. रोपवेचा प्रोग्राम नेमकी पाच-तीनच मागतो, दुसरा आकडा दिला तर घेत नाही. त्याच पानावर सहीचे पर्याय असतात. सहीच्या किल्लीचे दोन भाग. गुप्त भाग या कार्डात. कार्ड तिजोरीत, कार्डाचा आकडा माझ्या डोक्यात, आणि कार्डाची नक्कल निघत नाही. दुसरा भाग उघडा, तो आमच्या सगळ्यांकडे असतो. लगाम तयार होतानाच तो त्याच्या पोटात बसतो, तोच आमचा शिक्का. गुप्त भागाने सही करायची, उघड्या भागाने ती पडताळायची."

"बँकेतल्या नमुना सहीसारखं."

"अगदी तसंच."

"धाकटे दिवसातून दहा वेळा लगाम करून बघत असतील. दर वेळी येतात तुमच्याकडे सही मागायला?"

"छे हो, वेड लागेल मला. त्यासाठी 'सही नंतर' असा पर्याय आहे. तो निवडला की उघडी किल्ली आत बसते, सहीपुरती जागा राखली जाते, पण सही होत नाही. तसला लगाम फक्त आमच्या चाचणीच्या संगणकांवर चालतो. त्यांना आम्ही सांगून ठेवलंय, की आमच्या शिक्क्याचा माल तपासू नका. रोपवेचा संगणक तसला लगाम दारातच अडवतो."

"अडवतो?"

"अडवायलाच हवा," ताई म्हणाली.

भिंगबाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा डोक्यावर ठेवला. "कार्डाचा आकडा नवऱ्याला सांगितलाय?"

"नाही."

"भावाला? वडिलांना?"

"कार्ड आबांनीच दिलं मला, निवृत्त झाले तेव्हा. घेतल्या घेतल्या आकडा बदलला मी. त्यांना तेव्हा थोडं लागलं होतं मनाला."

बाई बाहेर आल्या तेव्हा आबा दारातच उभे होते. सगळं ऐकलं असावं.

"एक सांगून ठेवतो बाई," ते म्हणाले. "माझ्या लेकीने त्या फाइलवर सही केलेली नाही. कुठेही लिहून देतो."

३

जावई चाचणीच्या खोलीत तारा गुंडाळत होते. उंचपुरे, पण सासऱ्याच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला येतो तसला थोडा वाकलेपणा खांद्यात आलेला.

"पाच-तीन मीच बसवली, महिन्यापूर्वी," ते म्हणाले. "पहिले आठ दिवस रोज केबिनमध्ये बसून खाली-वर केलं. मऊ लोण्यासारखी थांबायची. त्यानंतर मी संगणकाला हात लावलेला नाही."

"संगणकाचा पासवर्ड कुणाकडे?"

"माझ्याकडे. खोलीत खिळ्याला एक पाटी आहे, तिच्यामागेही लिहिलाय, चालकांसाठी. म्हणजे खोलीत शिरेल त्याच्याकडे."

"तुमच्या बायकोने सही केली असेल?"

"ती असलं करणार नाही हो. दळण आणतानाही दोनदा मोजते ती. मला तर..." ते थांबले. "लोक म्हणताहेत, की मी तिच्याकडून आकडा काढून घेतला. रोपवेवर जाणारा मी एकटा, म्हणजे मीच. तुम्हालाही तसंच वाटतंय का?"

"मला वाटत काही नाही. मी बघते," भिंगबाई म्हणाल्या.

धाकटा केस विस्कटून पडद्यासमोर बसला होता. रोपवेतून काढलेला लगाम त्याच्याकडे प्रत म्हणून होता. आत ब्रेकचे आकडे कसे लिहिले आहेत ते उलगडून बघा, असं बाईंनी सांगितलं, तसा तो उत्साहाने कामाला लागला. ओळीमागून ओळ वाचत गेला. मग एका जागी त्याचं बोट थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"ओळखीचं निघालं काही?"

"नाही." त्याने पान मिटलं. "हे माझं नाही एवढं नक्की. कुणाचं ते मला नाही सांगता येणार. ताईने सही नसेल केली, एवढंच म्हणेन."

बाईंनी जास्त ताणलं नाही. त्या दवाखान्यात गेल्या. चालकाचा पाय वजन लावून टांगलेला होता. तोंड मात्र मोकळं होतं.

"मी काय सांगू बाई? पडदा हिरवा, केबिन सुसाट. मला वाटलं, दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. म्हटलं, केबिन खोटं कशाला बोलेल?"

"आदल्या दिवशी संध्याकाळी केबिन कशी थांबत होती?"

"नेहमीसारखी. पण सकाळी संगणक नव्याने सुरू होतो. जे काही नवीन असेल ते तेव्हा चढतं. त्या दिवशीच्या पहिल्या दोन फेऱ्या जवळजवळ रिकाम्या होत्या, जरा जोरात आल्या, पण थांबल्या. तिसरी भरलेली."

"म्हणजे घातलं ते आदल्या दिवशी. त्या दिवशी बाहेरचं कुणी आलं होतं नियंत्रण खोलीत?"

चालकाने नीट आठवून बघितलं. "बाहेरचं? नाही. बाहेरचं कुणी नाही आलं."

४

दुसऱ्या दिवशी भिंगबाई परत धाकट्याशेजारी जाऊन बसल्या. या वेळी ताई आणि जावईही मागे उभे होते. आबा दाराच्या चौकटीला टेकून कप धरून होते.

"आतापर्यंत सगळे मला सहीबद्दल सांगताहेत," बाई म्हणाल्या. "सही कुणी दाखवलेली नाही. मला सही दाखवा."

"ती नुसत्या आकड्यांची असते," धाकटा म्हणाला. "बघण्यासारखं काही नसतं तिच्यात."

"मी तीस वर्षं बघण्यासारखं काही नसलेल्या सह्याच बघितल्यात. दाखवा."

त्याने आधी कपाटातला खरा लगाम उघडला आणि सहीच्या जागी गेला. पडदाभर आकडे आणि अक्षरं, कुठे काही मेळ नाही, जणू कुणी डाळ-तांदूळ एकत्र सांडले आहेत.

"ही तुमची?"

"माझी," ताई म्हणाली.

"छान. आता ती दुसरी."

धाकट्याने रोपवेतून काढलेला लगाम उघडला. तीच जागा. तितकीच लांबरुंद. आणि तिथे शून्य. शून्याशेजारी शून्य, ओळीखाली ओळ, शेवटपर्यंत नुसती शून्यं.

खालचं मशीन तेवढं चालू होतं.

"कोरी आहे," जावई म्हणाले. "अहो, ही कोरी आहे! सहीच नाही!"

"सही नंतर," ताई पुटपुटली. "पण इंजिनिअर तर म्हणाले..."

"इंजिनिअरांनी शिक्का पाहिला," भिंगबाई म्हणाल्या. "उघडी किल्ली पोटात आहे, म्हणजे घर तुमचंच दिसणार. आणि संगणकाने आत घेतली म्हणजे सही असणारच, असं त्यांनी धरलं. कोऱ्या जागेकडे कोण बघतं? मी बघते, कारण कोर्टात अर्धे खटले कोऱ्या जागेवरच उभे असतात. ताई, तुमचं कार्ड तिजोरीतून हललेलं नाही. तुमचा आकडा कुणी चोरलेला नाही. या लगामवर कुणीच सही केलेली नाही."

ताई स्टुलावर बसली. जावयांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत तो तसाच राहू दिला.

"पण मग," धाकटा म्हणाला, "रोपवेच्या संगणकाने तो घेतला कसा?"

"चला," भिंगबाई उठल्या. "संगणकालाच विचारू."

५

धाकटा कचेरीतच थांबला; बाई, ताई आणि जावई रोपवेवर गेले. नियंत्रण खोलीची वाकलेली चौकट अजून तशीच होती. संगणक शाबूत होता. जावयांनी सहीच्या पडताळणीची सेटिंग उघडली. खाली एक छोटा रकाना होता: कोणत्या शिक्क्याचा माल तपासायचा नाही. तो रिकामा असायला हवा होता. त्यात एक ओळ होती. या घरचाच शिक्का.

जावयांचा चेहरा उतरला. "ही ओळ मी घातलेली नाही, बाई. देवाशपथ नाही. मी हे पान कधी उघडलंच नाही. लगाम बसत होता, चालत होता, कशाला उघडू?"

"घाबरू नका. कधी घातली ते दिसतं का?"

दिसत होतं. जावयांनी तारीख वाचून दाखवली. रोपवे सुरू होण्याच्या आधीची होती ती, चाचण्या चालू असतानाची.

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"कॉलेजात. हिची-माझी ओळखसुद्धा नव्हती."

"आणि धाकटे?"

"शाळेत असतील. चौथी-पाचवीत."

बाईंनी मान हलवली. म्हणजे हा पहारेकरी पहिल्या दिवसापासून झोपलेला होता. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, कारण येणारा प्रत्येक लगाम खऱ्या सहीचाच होता. पण कुणाला तरी ठाऊक होतं, की हा झोपलेला आहे. ज्याला ठाऊक नसेल तो बिनसहीचा लगाम घेऊन या दारात येईलच कशाला?

"झोपलेला आहे हे नंतरही कुणाला सापडलं असेल," जावई स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्हणजे संशय माझ्यावरून गेला नाही."

"नाही गेला," भिंगबाई म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतःच ते बोललात, हे मी लक्षात ठेवते."

ते कचेरीत परतले तेव्हा धाकटा जिन्यात उभा होता. चेहरा पांढराफटक.

"ताईला सोडा. भाऊजींनाही सोडा," तो म्हणाला. "मी केलं ते. तो लगाम मी बनवला आणि मीच बसवला."

६

ताई ओरडली, "काय बोलतोयस तू?"

भिंगबाई मात्र शांतपणे जिन्याच्या पायरीवर बसल्या. "बरं झालं सांगितलंत. कशासाठी केलंत?"

"लोकांना केबिन हळू वाटत होती. म्हणून ब्रेक उशिरा केला."

"आवृत्तीचा आकडा?"

"पाच-तीन लिहिला. नाहीतर प्रोग्रामने घेतला नसता."

"बरोबर. सही?"

"सही नंतर."

"हेही बरोबर. आणि कंपनीचं नाव काय लिहिलंत?"

धाकटा गोंधळला. "ते लिहावं लागत नाही. आमच्या सगळ्या संगणकांवर ते पान आधीच भरलेलं असतं. ताईने कंपनी घेतली तेव्हा तिनेच सगळीकडे बदलून ठेवलं. रज्जू प्रणाली."

"तुमच्या या कचेरीतल्या सगळ्या संगणकांवर?"

"हो. भाऊजींच्या लॅपटॉपवरही."

बाईंनी पिशवीतून एक छापील कागद काढून त्याच्यासमोर धरला. रोपवेतून काढलेल्या लगामची संपूर्ण ओळखपट्टी होती ती. इंजिनिअरांनी आवृत्ती आणि शिक्का पाहिला होता. बाकीच्या ओळी कुणी वाचल्या नव्हत्या. कंपनीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'रज्जू यंत्रशाळा'.

ताईने तोंडावर हात ठेवला.

"हे जुनं नाव," भिंगबाई म्हणाल्या. "म्हणजे हा लगाम या कचेरीतल्या कुठल्याच संगणकावर तयार झालेला नाही. भाऊजींच्या लॅपटॉपवरही नाही. धाकटे, तुम्ही चांगले भाऊ आहात, पण खोटं बोलण्यात अगदीच कच्चे. काल ब्रेकचे आकडे वाचताना तुमचं बोट थांबलं होतं. ते आकडे कुणाच्या हातचे आहेत हे तुम्हाला तेव्हाच कळलं. खरं ना?"

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मान खाली घातली.

बाईंनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "काल मी प्रश्न चुकीचा विचारला. बाहेरचं कुणी आलं नव्हतं, कबूल. घरचं कुणी आलं होतं का?"

"घरचं?" चालकाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "आबा आले होते की. ते येतातच. त्यांना मी खुर्ची दिली आणि दोराला ग्रीस लावायला गेलो. पण आबांना काय विचारायचं त्यात? आबा म्हणजे..."

बहुतेक त्यालाही तेव्हाच उमगलं.

आबा तोवर कचेरीतून घरी निघून गेले होते. सगळे घरी गेले. आबा आपल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. टेबलावर त्यांचा जुना संगणक होता, झाकण घालून नीट पुसलेला.

"आबा," भिंगबाई म्हणाल्या, "ते पान उघडून दाखवता का? लगाम बनवायचं?"

आबांनी एकदा लेकीकडे पाहिलं. मग उठले, झाकण काढलं, संगणक सुरू केला आणि स्वतःच ते पान उघडलं. कंपनी: रज्जू यंत्रशाळा. आवृत्ती: पाच-तीन. आणि खाली 'सही नंतर'पुढे खूण.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"खात्री आज झाली. पण कान पहिल्याच दिवशी टवकारले. ताईबद्दल धाकटे म्हणाले, सही नसेल केली. जावई म्हणाले, ती असं करणार नाही. तुम्ही एकटेच म्हणालात, केलेली नाही. असं ठामपणे तोच बोलतो, ज्याला माहीत असतं."

आबा खाली बसले. आवाज मात्र खणखणीत ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. "पाच-तीन आल्यापासून केबिन स्टेशनच्या दारात मुंगीसारखी सरकायची. रोपवेवरची पोरं मला विचारायची, आबा, तुमचा लगाम म्हातारा झाला का? माझे आकडे इतकी वर्षं चालले होते. हिने ते काढून टाकले आणि मला विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, माझेच आकडे परत घालतो, महिनाभर चालू देतो, आणि मग हिला सांगतो, की बघ, कुणाला कळलं का?"

"विचारलं होतं आबा," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "सांगितलंही होतं. नव्या केबिन पोलादी आहेत, भरल्या की जुन्यांपेक्षा कितीतरी जड होतात. तुमचे आकडे पत्र्याच्या केबिनचे आहेत. तुम्ही म्हणालात, चार माणसं जास्त, त्यात काय."

आबांनी संगणकाचं झाकण उचलून मांडीवर घेतलं.

"आणि पडताळणी बंद करून ठेवलीत ती?" भिंगबाईंनी विचारलं.

"चाचण्यांच्या वेळी करावी लागते. मग उद्घाटन, हार-तुरे, भाषणं... राहून गेली. नंतर वाटलं, असू दे. घरचाच तर माल आहे."

"अपघात झाला तेव्हा?"

"आधी वाटलं ब्रेकचं तेल असेल. मग वाटलं..." त्यांनी हात चोळले. "तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं बाळ. आणि आलं, तेव्हा म्हटलं, हिने सही केलेलीच नाही, म्हणजे ही सुटणारच."

"सुटणारच," ताई म्हणाली. "तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन." ती उठली, टेबलावरची पाटी-पेन्सिल बाजूला सारावी तसा तिने तो कळफलक बाजूला सारला आणि कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवला. "लिहा. मंडळाला द्यायचाय. मी सांगणार नाही काय लिहायचं. तुम्हाला येतं."

आबांनी लिहिलं. मध्येच त्यांनी एकदा मान वर केली, लेकीचं तोंड पाहिलं आणि पुढे लिहू लागले.

७

सोमवारच्या बैठकीत ताईवरचा आरोप मागे घेतला गेला. व्यवस्थापकांनी तिची माफी मागितली आणि ती तिने उभ्यानेच ऐकून घेतली. आबांवर पुढे रीतसर खटला झाला. त्यांनी गुन्हा कबूल केला. वय पाहून कोर्टाने तुरुंगाची शिक्षा स्थगित ठेवली, पण रोपवेच्या आणि कचेरीच्या आवारात पाय ठेवायचा नाही असं बजावलं. झोपलेल्या पहारेकऱ्याला जावयांनी त्याच आठवड्यात जागं केलं, आणि सहीला यापुढे दोन माणसं, दोन कार्डं, असा नियम ताईने लावला. दुसरं कार्ड तिने नवऱ्याला दिलं. त्या दिवसापासून जावई जरा ताठ चालू लागले, असं खालचा शिंपी म्हणतो.

पाच-चार तयार झाली, रोपवेच्या प्रोग्रामलाही तोच आकडा मागायला लावलं. भरलेल्या केबिनचं वजन, उलटा वारा, ओला दोर, सगळं धरून तिची चाचणी झाली. ती चालू झाली त्या सकाळी पहिल्या केबिनमध्ये ताई आणि धाकटा होते. वरच्या वस्तीतली माणसं टाळ्या वाजवायला आली नाहीत; त्यांना भाजी खाली पोचवायची घाई होती.

भिंगबाई मात्र बैठक झाली त्याच दिवशी आपलं काम संपवून निघाल्या होत्या. जाताना ताईने विचारलं, "बाई, आबांशी कसं वागू मी?"

"ते माझं खातं नाही," बाई म्हणाल्या. जिना उतरताना थांबल्या. "पण त्यांनी मंडळाला लिहून दिलं. चालकाला अजून काही सांगितलेलं नाही."

ताईने हे आबांना सांगितलं नाही. तिला सांगावंही लागलं नाही. त्याच आठवड्यात एका दुपारी आबा स्वतःच घराबाहेर पडले. दवाखान्यात चालकाच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, कुठेही सावरून न घेता.

चालकाला बहुतेक माहीत होतंच. तरी त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"आबा," तो म्हणाला, "एक वाक्य सांगायचंत. आज नवीन घातलंय, एवढंच. मी पहिल्या फेऱ्यांना वाळूची पोती भरली असती. माणसं नसती भरली."

आबा उठायला लागले.

"बसा," चालक म्हणाला. "मला उठता येत नाही. तेवढं पाणी द्या."

आबांनी तांब्यातून पाणी ओतलं. ग्लास त्याच्या हातात दिला आणि ते परत स्टुलावर बसले.